अनुभव : निरंक

बी.एस्सी. होऊन सहा वर्षं झाली होती. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन जीव विटला होता. अशात वाशिमच्या एका प्रशिक्षण केंद्रात मोटार रिवाइंडिंग शिकवायला माणूस हवा, असं कळलं. माणूस म्हणजे बाईही चालेल ना, हे मी फोन करून विचारून घेतलं. ही नोकरी मला हवीच होती.

वाशिमजवळच्या मालेगावात बाबांचं पंपाच्या मोटारा भरून द्यायचं दुकान. जळालेली कॉइल काढायची, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, वार्निश मारायचं. हे सगळं मी करायचे. पण गिऱ्हाईक आलं की मलाच विचारणार, "बाबा कुठी गेले?" आणि बाबाही पाहुण्यांना सांगणार, "पोरगी घरीच रायते." आमच्याकडे घरच्या दुकानातलं काम कामात धरतच नाहीत, मुलीचं तर नाहीच नाही. मीही मोठी शहाणी! फॉर्मवर अनुभवापुढे सुवाच्य अक्षरात लिहून आले, 'निरंक'.

मुलाखतीत साहेबांनी एक बंद पडलेली मोटार पुढे ठेवली. ती उघडून कुठली कॉइल गेली ते मी लगेच सांगितलं. साहेब चक्रावले. कुठे शिकलात म्हणाले, तर मी दुकानाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मग हे लिहायला काय झालं होतं? पाचपर्यंत दुकानाचं पत्र आणा. नाहीतर दुसऱ्याला घ्यावं लागेल."

मी बाबांना फोन केला.

"काहून नाई लिवलं तू?" एवढंच ते म्हणाले. आवाज दुखावलेला होता. मलाही राग आला. पोरगी घरीच असते म्हणून सांगत कोण फिरत होतं?

साडेचारला बाबा एसटीनं आले. बिलबुकाच्या पानावर मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं पत्र त्यांनी साहेबांना दिलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. 'चार वर्षांपासून दुकानातल्या सर्व मोटारा माझी मुलगी भरते. मला बारीक तार दिसत नाही.'

चष्म्यानंही भागत नव्हतं, हे आम्ही दोघांनी आईपासूनसुद्धा लपवलं होतं. गावात कळलं असतं तर कुणी मोटार आणली नसती.

"मग ही इथे आल्यावर दुकान कोण चालवणार?" साहेबांनी विचारलं.

"बंद करतो ना साहेब," बाबा म्हणाले, "तुमी तिले ठेवा."

ते पत्र ओढून घ्यावं, असं मला फार वाटलं. साहेबांनी नेमणुकीचा कागद आणि पेन पुढे सरकवलं, आणि मी सही केली.