एकतिसावं पान

दक्षिणेत, गिंडीच्या कारखान्यात संगणकासाठी कार्डं पंच करणारे ते तंजावरी मराठी गृहस्थ, सगळ्यांचे अण्णा, माझा प्रोग्रॅम आधी कागदावर बोट फिरवत वाचायचे. "किती पानं मांडलीत, तंबी?" धाकटा भाऊ म्हणून ते मला तंबी म्हणत. आकड्यांच्या रांगेसाठी यंत्रात आधी जागा राखाव्या लागत; त्यांना ते पंगतीतली पानं म्हणत. "तीस पानं मांडून एकतिसावा आला, तर तो शेजाऱ्याच्या मांडीवर बसतो. यंत्राला लाज नाही, तंबी."

मी पुण्याहून शिकून आलेला. मला हसू यायचं.

एकदा घाईत मी त्यांना वाचू दिलं नाही. "आज राहू द्या, अण्णा." नेमक्या त्याच दिवशी जागा तीस होत्या आणि आकडे एकतीस. शेवटच्या आकड्याने शेजारची बेरीज पुसून टाकली आणि अहवाल चुकला.

"कार्ड चुकीचं पंच केलंत ना?" साहेबांनी सर्वांसमोर त्यांना विचारलं. माझ्या अक्षरातला कागद अण्णांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"असेल, सर," म्हणत त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यांना गोदामात पाठवलं. जाताना त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. तिसाच्या जागी पेन्सिलीने एकतीस केलं होतं. "सरी, असू दे. जेवलात का?" एवढंच विचारलं.

त्यांचं कार्ड अचूक होतं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. अजूनही कुठलीही रांग मांडताना मी एक जागा जास्त ठेवतो. ती रिकामीच राहते.