व्हर्लिनची वीट

आमच्या गावच्या बागेत झोपाळ्यांपासून दहा पावलांवर झेंड्याचा खांब आहे आणि त्याच्याभोवती लढायांवर गेलेल्यांच्या नावांच्या विटा. जिवंत असोत की मेलेले, सगळे तिथे एका पातळीत. ती नावं मी कोरतो. रबराचा साचा चिकटवायचा, वाळूचा झोत मारायचा. वीस मिनिटांत माणूस होतो. माझ्या भावालाही वीसच मिनिटं लागली. तो व्हिएतनाममधून परतला नाही.

विटांवरचं शेवाळ घासायचं, गवत कापायचं, सकाळी झेंडा चढवायचा आणि सूर्य मावळताना उतरवायचा, ही कामं तेवीस वर्षं व्हर्लिन ओक्स फुकट करत आला. तोही व्हिएतनामात होता. त्याबद्दल तो अवाक्षर काढत नसे, आणि न बोलणाऱ्याला आमच्याकडे मान जास्त.

"तुझी वीट कधी रे?" मी विचारायचो.

"आणि ती घासणार कोण? मीच ना?"

त्याची बहीण नोला हिने ठरवलं, भावाच्या पंचाहत्तरीला वीट बसवून त्याला चकित करायचं. विटांच्या समितीचा नियम असा, की सैन्यातून सन्मानाने सुटल्याचा कागद दाखवल्याशिवाय वीट नाही. एकाने खोटी पदकं मिरवली होती, तेव्हापासूनचा. नोलाने भावाच्या कपाटातून सैन्याचा लिफाफा काढला आणि बंदच आणून दिला.

"उघडून तरी बघायचंस," मी म्हणालो.

"भाऊ आहे तो माझा. त्याची झडती घेऊ?"

मीही कागदाची वाट न पाहता वीट कोरून टाकली. व्हर्लिनबद्दल शंका घेणं म्हणजे झेंड्याबद्दल घेण्यासारखं होतं.

आम्हा पाच जणांच्या समितीची सभा अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत भरली. नोलाने ॲपल पाय भाजून आणला होता. अध्यक्ष लाइल हेबनरने तो कापायच्या सुरीनेच लिफाफा फोडला, मोठ्याने वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मग बारीक आवाजात त्याने उरलेलं संपवलं. सन्मानाने नव्हे. घरी रजेवर गेला असता मुदत संपल्यावर एकेचाळीस दिवस गैरहजर. मार्च एकाहत्तर.

"मार्चमध्ये आई गेली," नोला म्हणाली. "मीच लिहिलं होतं त्याला, ये म्हणून. नंतर जाऊ नकोस म्हणून रडलेही मीच. सोळा वर्षांची होते. तो म्हणाला, साहेबांनी रजा वाढवून दिलीय."

लाइलने कागदाची घडी घालून तो लिफाफ्यात सारला.

"नोला, माझ्या मनात काही नाही गं," लाइल म्हणाला. "पण बाहेर ज्यांची नावं आहेत, त्यांना काय आया नव्हत्या? वीट नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पाचही हात वर झाले. पाचवा माझा. माझा भाऊ त्याच एप्रिलमध्ये गेला. त्याला कुणी एकेचाळीस दिवस दिले नव्हते. हात वर करताना मला तेवढंच दिसत होतं. आजही ते खोटं आहे असं मी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी वीट गाडीत टाकून बागेत गेलो. व्हर्लिन पानं गोळा करत होता. त्याच्या कानावर सगळं आलेलं होतं. त्याने वीट हातात घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"छान आलंय."

"व्हर्लिन, मीपण हात वर केला."

"करणारच. तुझा भाऊ आहे इथं." त्याने वीट परत माझ्या हातात दिली. "कागद वाचला तेव्हा नोला तिथंच होती का रे?"

"होती."

तो बाकावर बसला. "चोपन्न वर्षं लपवून ठेवलं होतं ते. तुमच्यापासून नव्हे, बाबा. तुम्ही काय, आज ना उद्या थुंकलाच असतात. तिच्यापासून लपवलं होतं."

सोमवारी लाइल आला. "गवताचं काम मात्र सोडू नकोस हं. त्याला काही कागदबिगद लागत नाही."

"बरं," व्हर्लिन म्हणाला आणि यंत्राची दोरी ओढली.

नोला दर रविवारी भावाकडे जेवण घेऊन जाते आणि दोघं एकत्र जेवतात. त्या रविवारी तो दोन ताटल्या मांडून बसला होता. तिने भांडं बाहेर पायरीवर ठेवलं आणि दार न वाजवता ती निघून गेली. त्याने खिडकीतून तिला पाहिलं, पण हाक मारली नाही.