हरलेला खटला मी जिंकून दिला

अमेरिकेतला एक हरलेला खटला मी सौदीतल्या रास तनुराच्या आमच्या क्वार्टरमध्ये बसून परस्पर जिंकून टाकला. वकिलीशी माझा संबंध एवढाच, की मी वाद घालायला लागलो की सासरे मला 'वकीलसाहेब' म्हणायचे. तेही कौतुकाने नव्हे.

लेक आठवीत, इथल्या भारतीय शाळेत. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिची पहिल्यांदाच निवड झालेली, त्यामुळे आठवडाभर आरसा मला नि बायकोला मिळाला नाही. विषय तिनेच शोधला: अमेरिकेत काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत घालायचे, त्याविरुद्ध अगदी सुरुवातीला लढला गेलेला एक खटला. पाच वर्षांची काळी पोर घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून लांबच्या शाळेत चालत जायची. तिचा बाप कोर्टात गेला आणि हरला. पण लोकांनी पिच्छा सोडला नाही, आणि काही वर्षांनी त्या राज्याने कायदाच बदलला.

"भाषण तीन मिनिटांचं, तुझं होतंय चार," मी घड्याळ लावून म्हणालो. "शेवट काप. बाप जिंकला म्हण, खलास!"

"पण बाबा, तो तर हरला!"

मी रिफायनरीत मेंटेनन्सचा फोरमन. आमच्याकडे प्रत्येक कामाचं परमिट निघतं आणि काम संपलं की ते बंद करून सही करावी लागते. उघडं परमिट दिसलं की माझा हात पेनाकडे जातो. हा बाप तर कोर्टात जाऊनही उघडाच राहिलेला. मी पेन घेतलं आणि केस क्लोज केली.

"अहो, तिचं तिला करू द्या," बायको भेंडी चिरता चिरता म्हणाली. ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

स्पर्धा शाळेच्या मुलींच्या विभागात. आयांना आत प्रवेश, बापांना गेटपर्यंत. मी ट्रॉफीसाठी डिकी रिकामी करून, एसी लावून बसलो. तासाभराने दोघी आल्या, हात हलवत.

"बोलली झकास," बायको म्हणाली. "मग परीक्षक बाईंनी विचारलं, खटला जिंकले होते तर पुढे कायदा कशाला बदलावा लागला? ही थँक यू म्हणून खाली उतरली."

"बाबांनी सांगितलं म्हणायचंस," मी आरशात बघत पुटपुटलो.

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "त्या मुलीचे बाबा फक्त केस हरले. तिचं भाषण नाही बिघडवलं त्यांनी."