घरातल्या घरात पास

त्या उन्हाळ्यात सकाळीच जालन्यात असं ऊन तापलं होतं, की एमआयडीसीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून राह्यलं होतं. बियाण्याच्या एका कंपनीत मी चहापाण्याला होतो. शाळेचं तोंड पाहिलं न्हाई, पण शिकलेल्यांना चहा पाजता पाजता किस्से इतके साचले, की आता पोटात मावत न्हाईत. त्यातले हे कॉम्प्युटरचे.

आमच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा विलास त्याच कंपनीत इंजिनिअर. बियाण्याची पोती पट्ट्यावरून चालली, की चालता चालताच प्रत्येकाचं वाण आणि वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उमटावं, असं काहीतरी तो बनवून राह्यला होता. ते चाललं तर नोकरी पक्की. नोकरी पक्की, तर जाफराबादची मुलगी. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, “टेम्परवारी माणसाला मी म्हैससुद्धा देत न्हाई!”

*

पहिली चाचणी झाली आणि विलासनं पेढे वाटले.

“मामा, सगळी पोती बराबर पोचली!”

मी बाहेर पाहिलं. पट्टा बंद. “कुठली पोती?”

“खोटी. माझ्या कॉम्प्युटरमधली.”

“आणि पोचली कुठं?”

“माझ्याच कॉम्प्युटरमध्ये!”

पेढा मात्र खरा होता.

*

मंग खरा पट्टा सुरू झाला. ऑफिसातल्या पडद्यावर वाणाच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं! मॅनेजर साहेबांनी चष्मा पुसून विचारलं, “हे कोणतं वाण?”

मागून एक हमाल म्हणाला, “संकरित असंल, साहेब!”

*

विलास तोंड पाडून मला सांगत होता, “मामा, भिंतीपलीकडं ऑफिसातल्या कॉम्प्युटरला माहिती पाठवायची तर आधी तिचं गठुडं बांधावं लागतं, तिकडं ते सोडावं लागतं. चाचणीत माल घरातल्या घरात होता. बांधायची वेळच आली न्हाई. मंग बांधणी चुकली हे कळावं कसं?”

मॅनेजर साहेब कान देऊन ऐकत होते. शिकलेला माणूस, उपाय लगेच सुचला.

“बस्स, एवढंच ना? मधली भिंत पाडून टाका!”

*

मोठे साहेब पाहायला आले, तेव्हा मॅनेजर साहेबांनी जोखीमच घेतली न्हाई. पट्टा बंद, आणि विलासच्या कॉम्प्युटरवर तीच खोटी पोती! मोठे साहेब खूश. “वा! एक दाणा सांडला न्हाई!”

सांडतो कशाचा? हमाल लिंबाखाली घोरत होते.

*

पुढं विलासनं गठुडं खरोखर बांधून, खरोखर पलीकडं पाठवून, पुन्हा पुन्हा तपासलं. तेव्हा कुठं पडद्यावर वाण वाचता आलं. नोकरी पक्की झाली. आता मुलीचे वडील शेजारीपाजारी चौकशी करणार, हा आपल्याकडचा रिवाज. आणि मी तर दिवसभर कंपनीत!

म्हणून मी शेजारच्या शांताबाईंना ओट्यावर बसवून काय सांगायचं ते शिकवलं. त्यांनी मला घडाघडा म्हणून दाखवलं. कुठं अडल्या न्हाईत.

पाहुणे नेमके दुपारी येऊन गेले. संध्याकाळी मी सायकल टेकवायच्या आधीच विचारलं, “सगळं सांगितलं ना बराबर?”

शांताबाई पदर खोचत म्हणाल्या, “एक शब्द खाली पडू दिला न्हाई, भाऊजी! पाणी दिलं आन् म्हनलं, ‘भाऊजीनं सांगितलंय, पाहुणे आले की म्हणा, पोरगं लई सालस हाय, दारूला शिवत न्हाई, नोकरी पक्की हाय. आन् हे मी शिकवलंय म्हणून बिलकुल सांगू नका!’”