अकराव्या मजल्यावरचं दार

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या टॉवरचा सुपरवायझर चिपळूणकडचा. कुठलीही तक्रार नेली की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "वहिनी, खलास! झालंच समजा." आणि काहीच व्हायचं नाही.

आमच्या अकराव्या मजल्यावर जिन्याचं फायर डोअर आपोआप लागत नव्हतं. आग लागली तर जिन्यात धूर शिरू नये, म्हणून ते दार असतं. माझ्या सासूबाई काठी घेऊन चालतात. त्यांना घेऊन मी धुरातून खाली कशी उतरणार होते? उन्हाळाभर मी सुपरवायझरच्या मागे लागले. "इन्शाल्ला, उद्या," म्हणायचा आणि वर सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. अशा माणसावर धड चिडताही येत नाही.

एके सकाळी अग्निसुरक्षा तपासणीचे साहेब आले. मी बाहेर येऊन पाहते, तर हा दारापुढे हसत उभा, हात पाठीमागे, आणि त्या हातांनी हँडल ओढून धरलेलं! दार बंद आहे असं समजून साहेब वळणार, तेवढ्यात मी म्हणाले, "सर, जरा इनको हटने को बोलिए."

तो बाजूला झाला. दार हळूच उघडलं आणि तसंच राहिलं.

मालकाला नोटीस आली आणि त्याच आठवड्यात दार दुरुस्त झालं. नंतर सुपरवायझर लिफ्टमध्ये भेटला. मला वाटलं, आता बोलणारही नाही. पण खरोखर दुखावलेल्या आवाजात तो म्हणाला, "वहिनी, एवढं मनावर घेतलं होतंत, तर आधी मला सांगायचं ना!"