राखून ठेवलेला आवाज

सोलापुरात राहून ज्याने गंगाधरमामांचा आवाज ऐकला नाही तो एक तर बहिरा असणार, नाहीतर कालच गाडीतून उतरलेला. चादरींचा सेल असो, पाण्याची सूचना असो, नवा दवाखाना असो की हरवलेली म्हैस, रिक्षाच्या टपावरच्या कर्ण्यातून येणारा तो भरदार आवाज मामांचाच. माणूस मात्र कुणी ओळखायचं नाही. मामा बाजारात वांगी निवडत उभे असायचे, मागून त्यांचाच आवाज 'फक्त तीन दिवस, फक्त तीन दिवस' करत यायचा, आणि वांगीवाली मामांनाच म्हणायची, "जरा बाजूला सरका की, रिक्षा जाऊ द्या." मामा गुमान सरकायचे.

मी अमरेश. साखर पेठेत माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. बाहेर 'स्टुडिओ' अशी पाटी आहे. पाटीला काय, ती काहीही सोसते. आवाज घुमू नये म्हणून आत भिंतींना रंग चुकलेल्या चादरी ठोकल्यात. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, त्याचा खडखडाट चादरींना जुमानत नाही. रिक्षावाल्यांना लागणारी घोषणा मामा माझ्याकडे येऊन बोलायचे, मी ती पेन ड्राइव्हवर भरून द्यायचो. आमचा धंदा एवढाच, आणि तो नीट चालला होता.

नीट चालायचं श्रेय माझ्या जुन्या माईकला. तो डायनॅमिक जातीचा, लोखंडी जाळीचा, पडून पडून चेपलेला. ऐकायला जाड. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोललं तरच त्याला कळतं. हातभर मागं सरकलात की त्याच्या लेखी तुम्ही गावाला गेलात. म्हणूनच त्याला मागचे माग ऐकू येत नाहीत, पंखा येत नाही, दारातली भांडणं येत नाहीत. नवा माईक कंडेन्सर. गोष्टींची पुस्तकं बोलून घ्यायचं काम मिळेल या आशेनं घेतला. काम मिळालं नाही, माईक राहिला. त्याला वेगळा करंट द्यावा लागतो, आणि एकदा जागा झाला की भिंतीला कान लावून बसलेल्या शेजारणीसारखं त्याला सगळं पाहिजे. गिळलेला आवंढा, मनगटातल्या बांगड्या, कोपऱ्यातलं घड्याळ. जुना माईक जवळून बोललं की माणसाला जरा भरदार करून देतो. हा तसली मेहेरबानी करत नाही, जसं आहे तसं देतो. माझं मत विचाराल तर सोलापूरसारख्या खडखडणाऱ्या गावात कंडेन्सर घेणं म्हणजे शुद्ध हौस.

मामांना तर तो आवडायचाच नाही. "ह्याला काय तोंडच न्हाय," म्हणायचे. ओठ जाळीला टेकल्याशिवाय माईक ऐकतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सगळी हयात जुन्या माईकपुढे गेलेली. घोषणा चुकली की मान फिरवून मागं रेलायचे, पुटपुटत मला शिवी द्यायचे, परत ओठ टेकवून 'बंधू आणि भगिनींनो' म्हणायचे. शिवी कधी रेकॉर्डिंगमध्ये यायची नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. कुंभारीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. रुक्मिणीमामींनी सगळा संसार नवऱ्याच्या बोटांवर केला. एक बोट म्हणजे चहा, तळवा हलला म्हणजे भाजी नको, भुवई वर गेली म्हणजे दारात कोण आलंय. गळ्यावर पोट, म्हणून गळा घरात खर्चायचा नाही, असा मामांचा कायदा. थंड पाणी नाही, तळकट नाही, तंबाखूला तर जन्मात शिवले नाहीत. गालात कायम ज्येष्ठमधाची कांडी. मामी एकदा मला म्हणाल्या होत्या, "गावाला लई बोलतेत. मी बी रिक्षा आली की दारात हुबी राहून ऐकते." हे त्यांनी हसत सांगितलं. मला मामांचा रागच आला होता, पण नवरा-बायकोच्या मधे बोलणारा मी कोण?

आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सेलच्या मोसमात फार बोलणं झालं. बसलेला आवाज उठेना. दवाखाने झाले, गळ्यात नळी घालून झाली, तुकडा तपासायला गेला. मग एक दिवस मामा आले, खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या कुणाची तरी बातमी असावी तसं सांगितलं, "गळ्यातली पेटी काढणार हायत. सोमवारी. मग आवाज न्हाय."

"सगळाच?"

"सगळाच."

ज्यानं गळा तळहातावरच्या फोडासारखा जपला त्यालाच हे. एरवी मी असल्या गोष्टीवर चार माणसांना शिव्या घातल्या असत्या. तेव्हा आतून काही वर आलंच नाही, राग नाही, रडू नाही. मागचे माग चालू होते. मी विचारलं, "चहा घेणार?" मामांनी एक बोट वर केलं.

त्यांची लेक वैजयंती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिचा फोन आला. आता म्हणे अशी सोय निघाली आहे, माणसाचं पुरेसं स्वच्छ बोलणं भरून ठेवलं की पुढं फोन त्याच्याच आवाजात बोलतो. लिहायचं आणि बटन दाबायचं. "पण दादा, एकदम स्वच्छ पाहिजे. जुना माईक नको, तुमचा तो चांगला लावा. आणि घरातल्यासारखं बोलू दे त्यांना. आईपाशी त्यांचा आवाज राहिला पाहिजे." मी होय म्हणालो. ज्या माणसाचं घरातलं बोलणं घरानंच ऐकलं नव्हतं, ते मी कुठून आणणार होतो ते देवाला ठाऊक.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधीचा, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरला. माग बंद, पंखा बंद, गल्ली गप. मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, सोबत मामी. मामी दाराजवळच्या स्टुलावर पदर सावरून बसल्या. मी कंडेन्सर लावला आणि मामांना म्हणालो, हातभर लांब बसा. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी खुर्ची ओढली आणि ओठ थेट जाळीला टेकवले. पहिल्याच शब्दाला हेडफोनमध्ये असा फटाका फुटला की माझ्या टाळूला मुंग्या आल्या. मी मागं ओढायचो, ते पुढं सरकायचे. शेवटी खुर्ची मागच्या खिडकीच्या गजाला दोरीनं बांधली.

वैजयंतीनं वाक्यं पाठवली होती. 'मला पाणी दे.' 'आज बरं वाटतंय.' 'दार लाव.' मामांचा आवाज घोगरा झाला होता, पण वळण जुनंच. छाती फुगवायची, पहिला शब्द उचलायचा, शेवटचा ताणायचा. 'मला पाणी दे' हे त्यांनी असं म्हटलं की पुढं 'स्टॉक मर्यादित' यायचंच बाकी होतं.

"मामा, घरात बोलता तसं बोला की."

"तसंच बोलतोय."

मी मामींकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या. वाक्यं संपली. सगळी स्वच्छ, आणि एकाही वाक्यात घर नाही. मी हेडफोन काढला आणि चहा आणायला खाली गेलो. मशीन बंद करायचं राहिलं. परत आलो तेव्हा दोघं भिंतीकडच्या बाकड्यावर शेजारी बसले होते. चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी रेकॉर्डिंग साफ करायला बसलो. शेवटचं वाक्य झालं, माझ्या चपला वाजल्या, दार लागलं. मग बाकडं करकरलं आणि एक खालच्या पट्टीतला आवाज आला. खोलीत तिसरं कोण आलं होतं म्हणून मी थांबलोच. ते मामा होते. इतकी वर्षं ज्याचा आवाज कानात घेऊन मी जेवलो, त्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"आगं, हिकडं ये जरा."

"आले." बांगड्या वाजल्या.

"हितं बस."

घड्याळाची टिकटिक. मग मामी म्हणाल्या, "भ्या वाटतंय का?"

"न्हाय. काईच वाटंना बघ. दात काढताना सुई देतेत, मग गाल आपला वाटत न्हाय. तसं झालंय समदं. तुला?"

"मला बी काय वाटंना."

"बरं हाय मग." पुन्हा टिकटिक. "घरात शेवया हायत का?"

"हायत."

"खीर कर उद्या. परत गिळाय कवा येतंय कुणाला ठाव."

"करते."

मामांचा श्वास ऐकू येत होता, जरा शिट्टी वाजणारा. मग ते म्हणाले, "घरात मी लई बोललो न्हाय."

"न्हाय."

"राखून ठेवायचो. कशाला राखला, काय म्हाईत."

पुढं माझ्या चपला, कपांचा आवाज, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मामांच्या हिशेबी ओठ काढले तिथं माईक झोपला होता. जुना असता तर झोपलाच असता. मी ते परत ऐकलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं नाही. हात कामाला लागले, घड्याळाची टिकटिक जरा दाबली, तेवढा तुकडा वेगळा ठेवला, आणि वाक्यं वैजयंतीला पाठवून दिली. तुकडा कुणाला पाठवावा ते कळेना. तो माझा नव्हता.

ऑपरेशन नीट पार पडलं. मामा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी पट्टी घेऊन. बरे होऊन थोडं थोडं गिळायला लागले तेव्हा मी भेटायला गेलो. वैजयंती आली होती, तिनं फोन तयार केला होता. तिनंच लिहिलं आणि मामांना बटन दाबायला लावलं. फोन बोलला, "रुक्मिणी, मला पाणी दे." घोषणेच्याच थाटात, गल्लीभर जाईल असं. उभ्या जन्मात मामांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. मामी आतून तांब्या घेऊन आल्या, आणि परका माणूस घरात आल्यावर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला. तांब्या ठेवून आत निघून गेल्या. वैजयंतीचं तोंड उतरलं. मामांनी फोन उलटा केला आणि उशीखाली सारला.

त्यानंतर ते ताटलीवर चमचा वाजवून बोलवायला लागले. मामी स्वयंपाकघरातून यायच्या, काय पाहिजे ते बघायच्या, द्यायच्या, जायच्या. असा चमचा वाजलेला मी एकदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन परत कुंभारीला गेलो.

मामांच्या कानाला हेडफोन लावला. ते ऐकत राहिले, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. संपल्यावर त्यांनी बोट फिरवलं, परत. परत लावलं. पहिल्याच शब्दांना त्यांनी हात वर केला, थांब. मग दोन बोटांची कात्री करून हवेत कापली. मला कळलं. मी लॅपटॉपवर तिथंच कापलं, मामींच्या 'आले'च्या अलीकडे. तेवढं मामांच्या फोनमध्ये घालून दिलं, एका बटनावर.

"आन बाकीचं?" मी विचारलं.

मामांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मी आत गेलो. मामी भाकरी थापत होत्या. त्यांना सगळं सांगितलं, चुकून भरलं गेलं, तुमचं आहे, ठेवू का पुसू. त्यांनी परातीतून हात काढला नाही.

"मला म्हाईताय की ते. मी तितंच हुते."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. घोगरा, खालच्या पट्टीतला, मागं अगदी बारीक टिकटिक.

"आगं, हिकडं ये जरा."

मामींचे हात थांबले. त्या दाराकडे बघत राहिल्या. मग "आले" म्हणाल्या, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेल्या. मी तव्याखालचा गॅस बंद केला.

महिन्याभरानं गेलो तर मामा कॉटवर, मामी त्यांच्या शेजारी, पुढ्यात अर्धी निवडलेली मेथी. मी म्हणालो, "मामी, आज काम बाहेर काढलं का?"

"काय करू मग? उठून आत गेले की बटन दाबतेत. येऊन बघावं तर काय नको असतंय." त्या मेथीचं पान खुडत म्हणाल्या, "सगळ्या जन्मात इतकं बोलावलं न्हाय मला."

मामा खिडकीबाहेर बघत होते. फोन मांडीवर होता आणि अंगठा बटनावर.