पार्किंगची लादी

वहिनींबद्दल भाऊजींना खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं. थोरल्या भावाची बायको म्हणून त्या घरात आल्या, पुढे भाऊ गेला, आणि त्यानंतरही भाऊजी रोज संध्याकाळी मागच्या गल्लीतून चालत येऊन त्यांच्या हातचा चहा पीत राहिले. पण त्यांना रंग कोणता आवडतो, एकट्या असताना त्या काय करतात, भावाबरोबर त्या सुखात होत्या का, यातलं एकही छातीठोकपणे सांगणं भाऊजींना जमलं नसतं. आवाज तेवढा झोपेतही ओळखता आला असता.

वहिनी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होत्या. यंत्रांच्या घरघरीवर चढवायची सवय लागलेला तो आवाज निवृत्तीनंतरही खाली उतरला नाही. हाताखालच्या बायका त्यांना पाठीमागे 'हंटर' म्हणायच्या. वहिनींच्या ते कानावर होतं, आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. चहाचा कप त्या भाऊजींपुढे अशा आपटत की निम्मा बशीत यायचा. वर ऐकवत, "तुमच्या भावानं आयुष्यात एक काम धड केलं नाही. तुम्ही तर सुरुवातच केली नाहीत."

भावाचं ते धड न झालेलं काम म्हणजे घर. पुढे कटकट नको म्हणून त्यांनी हयातीतच ते मुलाच्या नावावर करून टाकलं होतं. वहिनींच्या नावावर राहिली फक्त भांडीकुंडी.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. वहिनी त्याला 'साहेब' म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. स्वयंपाकघरात सिंकखालची नळी गळून फरशी फुगली, जेवणाच्या खोलीपर्यंत लाद्या पोकळ वाजायला लागल्या, तेव्हा साहेब स्वतःहून रजा काढून आले. दोन्ही खोल्यांना नवी फरशी घालतो म्हणाले. वहिनींनी गवंड्याला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा दारही उघडलं नाही. शेवटी मुलानं भाऊजींना मध्ये घातलं, आणि त्यांच्यासमोर कबूल केलं की फरशी आईनंच निवडायची. तेव्हा कुठे वहिनी गाडीत बसल्या. बसल्या त्या मागच्या सीटवर, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि मुलाला जे ऐकवायचं ते वाटभर भाऊजींना ऐकवत राहिल्या.

दुकान मोठं होतं. दारापासून वॉशबेसिनांची रांग, मग भिंतीला टेकवलेल्या लाद्या. विक्रेता जिभेवर साखर ठेवून बोलणारा. मुलानं येताना ठरवूनच आणलं असावं, कारण तो थेट एका पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, भल्यामोठ्या लादीपाशी जाऊन थांबला. दोन्ही खोल्यांना हीच एक घातली की मध्ये रेघ दिसत नाही, जागा दुप्पट वाटते, असं त्यानं समजावलं.

वहिनींनी चप्पल काढली, तळवा लादीवर घासून पाहिला, आणि विक्रेत्याला त्यावर पाणी ओतायला लावलं.

"चाल यावरून," त्या मुलाला म्हणाल्या.

मुलगा चालला नाही. दुकानात तमाशा नको, असं काहीसं तो पुटपुटला. विक्रेत्यानं वातावरण सावरायला म्हणून आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "घर राहायला आहे की विकायला? विकायचं असेल तर डोळे मिटून हीच घ्या, बघणाऱ्याच्या नजरेत भरते. पण आजी राहणार असतील तर मी देणार नाही, घसरतील."

मुलानं खिशातून फोन काढून त्यात डोकं घातलं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "त्यांनी काहीतरी विचारलंय."

"आई, घरी बोलू."

"इथेच बोल."

मग वॉशबेसिनांच्या रांगेत उभं राहून मुलानं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. एकटीला एवढं घर काय करायचं. आमच्याकडे खोली तयार आहे. एक जण बाहेरून घर पाहून गेलाय, आतून नीटनेटकं दिसलं की व्यवहार होईल. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. भाऊजी एका नळाची किंमत वाचल्यासारखं करत होते. आता आवाज फुटणार म्हणून त्यांनी खांदेही आकसून घेतले होते. पण वहिनी ओरडल्या नाहीत, आणि भाऊजींना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"फरशी मी निवडायची, असं ठरलं होतं ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्या एकट्याच दुकानाच्या मागच्या अंगणात गेल्या. परत आल्या त्या विक्रेत्याला बाही धरून घेऊन जायला. बाहेर उन्हात एक चळत होती. जाडजूड, विटकरी आणि काळ्या रंगाच्या, खोल खाचांचे चौकोन पाडलेल्या लाद्या.

विक्रेता हसला. "आजी, ही पार्किंगची आहे. गाड्या लावतात हिच्यावर."

"मग बरोबर आहे. मलाही कुठेतरी नेऊन लावायचंच चाललंय."

"आई, लोक हसतील," मुलगा म्हणाला.

"हसू देत. हसले की विकत घेणार नाहीत."

मुलाचा चेहरा लाल झाला. त्यानं काकांकडे पाहिलं. तुम्ही तरी काही बोला, असं तो म्हणाला. भाऊजींना आयुष्यात असं कुणी फारसं म्हटलं नव्हतं. घसा खाकरून ते कसेबसे म्हणाले, "त्यांनीच निवडायची, असं ठरलं होतं."

मुलानं मान फिरवली. आणि वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलं?"

हीच लादी, नाहीतर गवंड्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही, असं वहिनींनी बजावलं. मुलगा लादीची ऑर्डर देऊन त्याच संध्याकाळी परत गेला. घेणारा उखडून टाकेल, असा त्यानं हिशेब केला असणार.

गवंड्यानं तोंड वाकडं करत काम उरकलं. फरशी व्हायची तशीच झाली. जेवणाचं टेबल कुठेही ठेवलं तरी डुगडुगायचं. तेलाचा थेंब पडला की खाचेत मुरून बसायचा. वहिनींचे तळवे सोलवटले, पण त्यांनी ब्र काढला नाही. भाऊजी एकदा चुकून म्हणाले, जरा खरखरीत आहे. त्यावर वहिनींनी सुनावलं की जन्मभर खुर्चीत बसून काढल्यावर पायांना तसं वाटणारच.

मुलानं पाठवलेलं एक जोडपं घर बघायला आलं. बाईंच्या सँडलची टाच खाचेत अडकली. इथे आधी गॅरेज होतं का, त्यांनी विचारलं.

"अजून आहे," वहिनी म्हणाल्या, आणि जोडपं बाहेर पडेपर्यंत दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर आणखी कुणीकुणी आले. बाकीचं घर त्यांना आवडायचं. मग ते या दोन खोल्यांत येत, फोडकामाची धूळ आणि खर्च मनातल्या मनात मोजत आणि पुन्हा फिरकत नसत. पुढे पुढे मुलानं माणसं पाठवणं सोडलं. येणंही सोडलं. फोन करायचा तो काकांना.

घर राहिलं. वहिनींना तेवढंच हवं होतं, की मुलानं हार मानून एकदा येऊन समोर बसावं असंही होतं, हे भाऊजींना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

वहिनी त्याच घरात, झोपेत गेल्या. आदल्या संध्याकाळी भाऊजी नेहमीसारखे आले, तेव्हा त्या पाटावर बसून कडक ब्रशनं खाचा घासत होत्या. साबणाचं काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. भाऊजींनी सांगितलं की दुपारी फोन आला होता.

"काय म्हणत होते साहेब?"

"तब्येत विचारत होता."

"कुणाची?"

"तुमची."

ब्रश थोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"मग काय सांगितलंत?"

"बरी आहे म्हटलं."

"तुम्हाला काय माहीत?"

भाऊजी तसेच मध्ये उभे राहिले.

"आता मध्ये खांबासारखे उभे राहू नका," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "चहा झाकून ठेवलाय. कडेकडेनं जा, ओलं आहे."

"बरं," भाऊजी म्हणाले.